चार मार्कांचा टेलफोर्ड

सिव्हिलच्या मंडळींना टेलफोर्ड माहीत नाही असं होणार नाही. हायवेच्या पुस्तकात पहिल्याच चॅप्टरमध्ये रस्त्याचे दोन उभे छेद शेजारी शेजारी छापलेले असतात. एक टेलफोर्डचा, दुसरा मॅकॅडमचा. दोघांतला फरक लिहायला सांगतात आणि चार मार्क देतात. टेलफोर्डच्या रस्त्याला खाली हातानं रचलेले मोठे दगड, मॅकॅडमच्या रस्त्याला नाहीत, एवढं लिहिलं की दोन मार्क पक्के. उरलेले दोन आकृतीला. मीसुद्धा परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स वाचून हेच केलं होतं. टेलफोर्ड नावाचा हाडामांसाचा कुणी माणूस होता, त्याला आई होती, त्याचे अंदाज चुकले होते, हे कुठे ठाऊक होतं!

मग मागच्या सेमिस्टरला ट्रॅफिक व्हॉल्यूम काउंटचं प्रॅक्टिकल आलं. आमची बॅच कॉलेजच्या फाट्यावर भर उन्हात उभी राहून गाड्या मोजत होती. ट्रकला किती गुण, रिक्षाला किती, सायकलला किती, सगळी टोटल करायची आणि रस्ता किती रुंद हवा ते ठरवायचं. ओरलच्या वेळी सरांनी सहज विचारलं, की तुझ्या गावच्या रस्त्यावर साधारण किती काउंट येईल. मी म्हटलं, शून्य. सगळे हसले. सर हसले नाहीत. शून्य का येतो याचं उत्तर शोधून आण म्हणाले, आणि सेमिनारला विषय दिला टेलफोर्डचं चरित्र. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही, रागच आला. बाकीच्यांना मेट्रो, एक्सप्रेसवे, विमानतळाच्या धावपट्ट्या असले भारी विषय, आणि मला हा दोनशे वर्षांपूर्वीचा म्हातारा.

आमचा काउंट शून्य का, ते आधी सांगतो. आमची वाडी ओढ्याच्या पलीकडे आहे. वीस-बावीस घरं. ओढ्यावर दरवर्षी गावकरी लाकडाचा साकव घालतात आणि बहुतेक वर्षी पावसाळ्यात तो वाहून जातो. पूल मागितला की उत्तर ठरलेलं, तिथं वाहतूकच नाही. वाहतूक नाही कारण पूल नाही. पूल नाही कारण वाहतूक नाही. हे गोल गोल आम्ही लहानपणापासून ऐकतोय. 2000 साली ग्राम सडक योजना सुरू झाली तेव्हा तिचा निकष होता साध्या भागात पाचशे लोकवस्तीचा आणि डोंगराळ भागात अडीचशेचा. आमची वाडी दोन्हींत बसत नव्हती.

असो. आता टेलफोर्डकडे वळतो.

थॉमस टेलफोर्डचा जन्म 9 ऑगस्ट 1757 चा. स्कॉटलंडच्या दक्षिणेला एस्कडेल नावाचं खोरं आहे, तिथल्या ग्लेंडिनिंग या ठिकाणी. बाप मेंढपाळ होता आणि पोरगा काही महिन्यांचा असतानाच वारला. घर मालकाचं, त्यामुळे तेही सोडावं लागलं. आईनं शेजारच्या शेतांवर राबून त्याला वाढवलं. तोही कुणाची गुरं-मेंढरं राखी आणि जमेल तेव्हा गावच्या शाळेत जाई. सतत हसतमुख, म्हणून गावात त्याचं नावच हसरा टॅम असं पडलं होतं. चौदाव्या वर्षी गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी सुरू झाली. आपल्याकडे गवंड्याचा पोरगा इंजिनिअर झाला तर पेपरात फोटो येतो. हा गवंडीच होता आणि पुढे इंजिनिअरांच्या संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला.

लँगहोम गावातल्या पुलाच्या दगडांवर त्यानं घडवल्याच्या खुणा आजही दाखवतात. त्या काळी प्रत्येक गवंडी आपल्या दगडावर आपली खूण कोरायचा, म्हणजे मजुरी मोजायला सोपं. त्या गावातल्या एका सुशिक्षित बाईंनी त्याला पुस्तकं वाचायला दिली आणि तिथून त्याला वाचनाचं वेड लागलं. दिवसा छिन्नी-हातोडा, रात्री चुलीच्या उजेडात पुस्तक. तो कविताही करायचा. बऱ्या करायचा की वाईट, यावर मी बोलणार नाही, मी सिव्हिलचा आहे.

1780 साली तो एडिंबराला गेला आणि 1782 साली लंडनला. भाड्याला पैसे नव्हते. कुणाचा तरी एक घोडा लंडनला पोहोचवायचा होता, त्यावर बसून गेला. सॉमरसेट हाउस नावाच्या मोठ्या सरकारी इमारतीचं काम चालू होतं, तिथे दगड घडवायला लागला. पुढे पोर्टस्मथच्या गोदीत बांधकामावर देखरेखीचं काम मिळालं. तिथे तो चुना, वाळू, सिमेंटचे गुणधर्म तपासायचा, मिळेल ते पुस्तक वाचून टिपणं काढायचा. डिग्री नाही, डिप्लोमा नाही, क्लास नाही.

1787 च्या सुमारास विल्यम पुल्टनी या धनवान माणसाच्या ओळखीतून तो श्रॉपशर परगण्याचा बांधकाम सर्व्हेयर झाला. ओळखीतून, हे लपवायचं कारण नाही. पण ओळख फक्त दारापर्यंत नेते, आत आपलं आपल्यालाच चालावं लागतं. तिथे एक प्रसंग घडला. श्रूजबरी गावातल्या सेंट चॅड चर्चचं छप्पर गळतं म्हणून त्याला पाहायला बोलावलं. त्यानं पाहून सांगितलं की छपराचं सोडा, मनोऱ्याचे खांबच खचलेत, आधी ते सावरा, नाहीतर सगळं खाली येईल. चर्चच्या मंडळींना वाटलं, हा आपलं काम वाढवून घ्यायला बघतोय. त्यांनी त्याची थट्टा केली. तो बैठकीतून उठून गेला. थोड्याच दिवसांत, 9 जुलै 1788 ला पहाटे, मनोरा चर्चवर कोसळला. नशीब की आत कुणी नव्हतं. टेलफोर्डचं नाव गावभर झालं. नको तिथे खरं बोलण्याची हिंमत फार कमी जणांत असते. आमच्या साइट व्हिजिटला तडा दिसला तर आपण सरांना विचारतो का, हे ज्यानं त्यानं मनात तपासावं.

1795 साली सेव्हर्न नदीला मोठा पूर आला आणि बरेच दगडी पूल गेले. कोलब्रुकडेलचा लोखंडी पूल मात्र तसाच उभा राहिला. टेलफोर्डनं त्यावरून बोध घेतला. बिल्डवास इथे त्यानं स्वतःचा लोखंडी पूल बांधला. जुन्या पुलाचा गाळा 100 फुटांचा, याचा 130 फुटांचा, आणि लोखंड मात्र निम्म्याहून कमी. डिझाइन म्हणतात ते हेच. जास्त माल घालून मजबुती तर कुणीही आणेल.

त्यानंतर वेल्समधला पॉन्टकसिल्टे जलसेतू. दरीवरून कालवा न्यायचा. दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची पन्हळ, लांबी 1007 फूट, उंची 126 फूट, आणि त्या पन्हळीतून बोटी जातात. 1805 साली तो खुला झाला. त्यावरून आजही बोटी जातात आणि 2009 साली त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पण इथे मला टेलफोर्डबद्दल थोडं वाईट वाटतं. या कालव्याचा मुख्य इंजिनिअर विल्यम जेसॉप होता. मोठे निर्णय त्याच्या सहीनं झाले होते. टेलफोर्डनं म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं, त्यात जेसॉपला जवळजवळ जागाच दिली नाही. ग्रुप प्रोजेक्टमध्ये आपल्या नावाखाली सगळं खपवणारे फक्त आपल्या हॉस्टेलवरच असतात असं नाही!

आता मूळ गोष्टीवर येतो, जिच्यासाठी सरांनी हा विषय दिला होता.

स्कॉटलंडचा उत्तर भाग म्हणजे हायलँड्स. डोंगर, दलदल, समुद्राचे आत घुसलेले फाटे. 1801 साली सरकारनं टेलफोर्डला तिथे पाहणीला पाठवलं. लोक जहाजं भरभरून अमेरिकेला चालले होते आणि सरकारला त्याची चिंता पडली होती. तो घोड्यावरून आणि पायी हिंडला. त्याला दिसलं ते असं की बहुतेक ठिकाणी चाकाची गाडी जाऊ शकेल असा रस्ताच नाही. सैन्याचे काही जुने रस्ते होते, तेही बंडखोरांवर चाल करायला बांधलेले, बाजाराला जायला नव्हेत. माल घोड्याच्या नाहीतर माणसाच्या पाठीवर. नद्यांवर पूल नाहीत. मोठ्या नद्या होडीनं ओलांडायच्या, लहान नद्या देवाचं नाव घेऊन.

इथे वाचताना मी थांबलो. समजा टेलफोर्डनं आमच्यासारखी फाट्यावर उभं राहून गाड्यांची टोटल केली असती, तर काउंट किती आला असता? शून्य. आणि त्या शून्यावरून त्यानं लिहून दिलं असतं की इथे रस्त्याची गरज नाही. त्यानं उलट लिहिलं. मासेमारीसाठी बंदरं बांधा, बंदरांना जोडणारे रस्ते बांधा, रस्त्यांवर पूल बांधा, मधून जहाजांसाठी कालवा काढा, आणि हे सगळं एका आराखड्यात करा. सुटा रस्ता किंवा सुटं बंदर उपयोगाचं नाही. आज आपण ज्याला कनेक्टिव्हिटी म्हणतो, विमानतळाला मेट्रो जोडा, स्टेशनला बस जोडा असं म्हणतो, ते या गवंड्यानं तेव्हाच सांगितलं होतं. रस्त्यांचा अर्धा खर्च सरकारनं आणि अर्धा जमीनदारांनी करावा असं ठरलं. 1803 पासून पुढची अठरा वर्षं काम चाललं. 900 मैलांहून जास्त नवे रस्ते आणि लहानमोठे मिळून हजारावर पूल. आधी हातात फावडं न धरलेले लोक त्या कामांवर शिकून कारागीर झाले. टेलफोर्डला स्वतःला याचं फार अप्रूप होतं.

याच काळातली एक घटना. 1809 च्या ऑगस्टमध्ये डॉर्नोखच्या खाडीत बाजाराला निघालेली होडी उलटली. होडीत मावतील त्याहून कितीतरी जास्त माणसं होती. 99 जण बुडाले. मग मात्र पुलाची गरज कुणाला समजावून सांगावी लागली नाही. टेलफोर्डनं त्याच खाडीच्या वरच्या अंगाला 150 फुटी लोखंडी कमान टाकली. कमान वेल्समध्ये ओतली, तिथेच जोडून पाहिली, सुटी केली आणि जहाजानं उत्तरेला नेली. 1812 साली बोनारचा पूल उभा राहिला. त्याच नमुन्याचा दुसरा पूल स्पे नदीवर क्रेगेलाखीला 1814 मध्ये बांधला. 1829 सालच्या महापुरात तो टिकला. त्याच्यावरून दीडशेहून अधिक वर्षं वाहनं गेली. बोनारचा पूल मात्र 1892 च्या पुरात गेला.

99 हा आकडा वाचल्यावर मी पुस्तक मिटलं. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या आजीला पहाटे अर्धांगाचा झटका आला. साकव चार दिवस आधीच गेला होता. काकांनी आणि शेजाऱ्यांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि ओढ्याच्या काठावर आणली. पाणी छातीच्या वर. दुपारपर्यंत सगळे तसेच काठावर बसून होते, पलीकडे जीप उभी. मीही होतो. ओढा माझ्या अंदाजानं पस्तीस-चाळीस फूट रुंद असेल. टेलफोर्डनं दोनशे वर्षांपूर्वी 150 फूट ओलांडले होते. आजी वाचली, पण उजवा हात गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, काही तास आधी आणायला हवं होतं. ती वेळ कुठल्याच ट्रॅफिक काउंटमध्ये धरली जात नाही.

टेलफोर्डला देव करायचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. रस्ते झाले म्हणून लोकांचं जाणं थांबलं नाही. जमीनदारांना मेंढ्यांत जास्त पैसा दिसत होता, त्यांनी कुळांना हाकलून खोरीच्या खोरी मोकळी केली. नवे रस्ते मेंढ्या बाहेर न्यायलाही उपयोगी पडले. आणि कॅलेडोनियन कालव्याचं तर विचारूच नका. 60 मैलांची वाट, त्यातले 22 मैल खणलेले, बाकी तळी. सुरुवातीचा अंदाज साडेतीन लाख पौंडांचा आणि 1822 मध्ये खुला होईपर्यंत खर्च नऊ लाखांच्या वर. ठरल्यापेक्षा उथळ राहिला तो वेगळाच. ज्या युद्धाच्या भीतीनं काढला ते युद्ध 1815 मध्येच संपलं होतं, आणि वाफेच्या मोठ्या जहाजांना तो पुरेनासा झाला. एस्टिमेट चुकणं ही आपल्या देशाची मक्तेदारी नाही, हे वाचून मला जरा बरं वाटलं. पण रस्ता बांधला की विकास आपोआप होतो, हा माझा समज तिथेच गळून पडला. रस्ता कुणाच्या हातात आहे, तेही पाहावं लागतं.

पुढचं मोठं काम लंडन ते होलीहेड रस्त्याचं. आयर्लंडला जाणारी टपाल होलीहेड बंदरातून जायची आणि वेल्सच्या डोंगरातला रस्ता म्हणजे घोड्यांचे पाय मोडायची जागा. टेलफोर्डनं 1815 नंतर तो असा काढला की चढ विसास एकच्या वर फारसा जाऊ दिला नाही. पुस्तकातली चार मार्कांची आकृती ती इथलीच. खाली हातानं उभे रचलेले मोठे दगड, त्यांच्या फटींत ठोकलेल्या चिपा, वर फोडलेली खडी, त्यावर मुरूम, बाजूला पाण्याचा निचरा. मॅकॅडम म्हणायचा, खालची जमीन कोरडी ठेवा, मोठ्या दगडांची गरजच नाही. त्याची पद्धत स्वस्त, म्हणून जगभर तीच पसरली. आमच्याकडचा खडीचा रस्ता अजून मॅकॅडमच्या नावानं ओळखला जातो. पण अवजड वाहतुकीला टेलफोर्डचा पाया दणकट. दोघंही स्कॉटिश, वयात वर्षाचंही अंतर नाही.

याच रस्त्यावर मेनाईची सामुद्रधुनी आडवी येते. तिथे लोक होडीनं जात आणि गुरांना चक्क पोहवत नेत. जहाजांच्या शिडांसाठी खाली 100 फूट मोकळे हवेत ही नौदलाची अट. टेलफोर्डनं साखळ्यांचा झुलता पूल ठरवला, 579 फुटांचा गाळा. एवढा मोठा तोवर कुणी बांधला नव्हता. गणिताचे ग्रंथ हाताशी नव्हते, म्हणून त्यानं लोखंडाच्या दोनशेहून जास्त चाचण्या घेतल्या. 1825 च्या एप्रिलमध्ये पहिली साखळी दीडशे माणसांनी चाकं फिरवून वर ओढली. त्याआधी कित्येक रात्री त्याला झोप नव्हती. साखळी जागेवर बसली तेव्हा मित्र त्याला शोधायला गेले तर तो गुडघे टेकून प्रार्थना करत होता, असं सांगतात. 30 जानेवारी 1826 ला पूल खुला झाला. वाऱ्यानं त्याचा तक्तपोशी भाग पुढे काही वेळा मोडला, 1940 च्या सुमारास साखळ्याही बदलल्या. पूल मात्र उभा आहे.

त्याचं घर म्हणजे घर नव्हतंच. लग्न केलं नाही. लंडनमधल्या एका कॉफी हाउसच्या खोलीत त्यानं 21 वर्षं काढली. म्हणजे पक्का हॉस्टेलाइट! त्याला भेटायला इतके इंजिनिअर यायचे की कॉफी हाउसचा धंदा त्याच्यावर चालायचा. शेवटी त्यानं घर घेतलं आणि जातो म्हणून सांगितलं, तेव्हा नव्या मालकानं कपाळाला हात लावला. दुकान घेताना टेलफोर्डसकट 750 पौंड जास्त मोजले होते असा किस्सा आहे. आमचा मेसवाला आमच्यातल्या कुणासाठी साडेसात रुपये तरी मोजेल का, शंकाच आहे.

1820 साली काही तरुण इंजिनिअरांनी आपल्या नव्या संस्थेचा अध्यक्ष हो म्हणून त्याला गळ घातली. शेवटपर्यंत तो ते पद सांभाळून होता. शेवटी शेवटी ऐकू येईना. 1830 पर्यंत आगगाडी धावू लागली होती. त्याचा तिच्यावर फारसा विश्वास नव्हता, आणि तिथेही तो चुकलाच. 2 सप्टेंबर 1834 ला तो गेला. मेंढपाळाच्या पोराला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं. मृत्युपत्रात त्यानं आपल्या खोऱ्यातल्या लँगहोम आणि वेस्टरकर्कच्या वाचनालयांना पैसे ठेवले होते, पुस्तकं घ्यायला. आगगाडीमुळे त्याचे रस्ते काही वर्षांत ओस पडले आणि मोटार आल्यावर पुन्हा भरले. 1826 साली त्यावर किती काउंट येईल आणि 1950 साली किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

सेमिनारच्या शेवटी सरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, शून्य का येतो. मी म्हटलं, सर, आपण पुलावर उभं राहून मोजतो. ओढ्याच्या काठावर उभं राहून मोजत नाही. सरांनी मान डोलावली आणि मार्क मात्र नेहमीइतकेच दिले.

यंदा आमच्या चौघांचा फायनल इयर प्रोजेक्ट ठरलाय. आमच्या ओढ्याचा सर्व्हे, पुराच्या पाण्याची सगळ्यात वरची पातळी, पाण्याचा विसर्ग, आणि जीप जाईल एवढ्या लहान पुलाचं डिझाइन, एस्टिमेटसकट. त्यात एक प्रकरण वाहतुकीचं असेल, पण गाड्यांचं नाही. वर्षभरात काठावर किती माणसं, किती वेळ, कशासाठी थांबली याचं. वाडीतली म्हातारी मंडळी पुराच्या खुणा दाखवतायत, कुठल्या साली पाणी कुठल्या आंब्याच्या बुंध्याला लागलं ते. सगळ्यात जुनी खूण आजीनं दाखवली, डाव्या हातानं.

पूल होईल की नाही, माहीत नाही. पण पुढच्या वेळी कुणी वाहतूकच नाही म्हणालं, तर आमच्याकडे दाखवायला कागद असेल.

– तृतीय वर्ष संपवून अंतिम वर्षात आलेला एक स्थापत्यवाला